फ्रेंचची संथा

कॉलेजच्या सायकल स्टँडला लागून जी शेवटची खोली होती, तिच्यावरून सकाळच्या वेळी जाणारा नवा माणूस हटकून थबकायचा. आत रुद्र म्हणतायत की काय, असं त्याला वाटायचं. एक बाईमाणूस खड्या आवाजात एक ओळ म्हणतंय, आणि मागोमाग वर्गभर पोरंपोरी तीच ओळ दोनदा म्हणतायत. त्याच चालीवर, त्याच चढउतारानं. सायकल स्टँडवरचा बाळासो अशा माणसाला आपणहून सांगायचा, "थांबू नका पावणं. पूजा न्हाय ती, फ्रेंच हाय."

फ्रेंच शिकवणाऱ्या त्या बाई म्हणजे मीनाक्षी त्र्यंबक सांगवडेकर. राहायला कोल्हापुरात, राजारामपुरीत, माहेर नृसिंहवाडीचं. वर्ग बारावीचा. साल एकोणीसशे एकोणऐंशी.

आता फ्रेंच आणि रुद्र यांची गाठ कशी पडली, हे समजायला वाडीला जावं लागतं. मीनाक्षीबाईंचे वडील नृसिंहभट घरच्या ओसरीवर मुलांना संथा द्यायचे. संथा म्हणजे गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यांनी दोनदा. पुस्तक नाही, फळा नाही, अर्थ विचारायचा नाही. कानानं घ्यायचं आणि तोंडानं परत करायचं. मुलींना अर्थातच संथा नसायची. मीनाक्षी आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसायची, नाहीतर वाती वळत. हात काम करायचे आणि कान ओसरीवर.

एकदा ओसरीवरचा एक मुलगा मध्येच अडकला. त्याला पुढचं आठवेना, शेजारच्यालाही आठवेना. आतून बारीक आवाजात पुढची ओळ आली. आईनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि आता काय होतंय म्हणून ती दाराकडे बघत राहिली. नृसिंहभट नुसतं म्हणाले, "हं, पुढं." त्याबद्दल घरात कधी कुणी चकार शब्द काढला नाही. पण मॅट्रिक झाल्यावर पोरीला पुढं शिकायला पुण्याला आत्याकडे पाठवायचं ठरलं, ते वडिलांनीच ठरवलं.

पुण्यात फ्रेंच घेण्यामागे काही मोठा विचार नव्हता. त्या विषयाचा तास सकाळी लवकर असे. तो झाला की घरी येऊन आत्याला स्वयंपाकात हात देता यायचा, एवढंच. पण पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी एक वाक्य म्हटलं आणि मीनाक्षीनं ते मनात दोनदा म्हटलं, तिथं तिला सूर सापडला. झ सुई, त्यु ए, इल ए. मी आहे, तू आहेस, तो आहे. क्रियापदांना तिनं वाडीची चाल लावली. वर्गातल्या डेक्कनच्या मुली हसल्या. हसू दे, म्हणाली. वर्षअखेरीस पहिली तीच आली.

मग लग्न झालं. वीज मंडळात नोकरी असलेले त्र्यंबकराव, सासूबाई, दोन मुलं. फ्रेंचचा उपयोग काहीच नव्हता, पण विसरायला ती तयार नव्हती. भाकरी थापताना, मुलांना आंघोळ घालताना ती क्रियापदं म्हणत राहायची. त्र्यंबकराव पेपर खाली करून विचारायचे, "आज भूतकाळ चाललाय वाटतं?" सासूबाईंना तर ते एखादं स्तोत्रच वाटायचं. शेजारणींना त्या कौतुकानं सांगायच्या, "आमची सून काम करताना सारखं नाव घेत असते." मीनाक्षीनं त्यांचा हा समज कधी मोडला नाही. मोडून कुणाचं भलं होणार होतं?

अशी बरीच वर्षं गेली. पुढं दहावी आणि बारावीची नवी पद्धत आली. मार्कांसाठी फ्रेंच बरं असतं, अशी हवा पुण्याकडून इकडंही आली. एका संध्याकाळी कॉलेजचे प्राचार्य गणपतराव स्वतः घरी येऊन बसले. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "बाई, तुमाला ते फ्रेंच येतंय म्हणं. कोल्लापुरात दुसरं कुणी सापडंना झालंय. तेवढं धरा की."

बाईंनी धरलं. पुस्तकं तिघांत एक. टेपरेकॉर्डर मागितला तर गणपतराव म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. तेव्हा उरली ती संथा. डॉक्टर-वकिलांची मुलं मार्कांसाठी आलेली, ती आधी तोंड लपवून हसली. महिन्याभरात तीच सायकलवरून जाताना चालीवर क्रियापदं म्हणू लागली. बाकीचे काही जण तर कुठल्याकुठून आलेले. हुपरीचा कृष्णात, त्याच्या घरी चांदीचे पैंजण बनवतात. फॉरेनचं गिऱ्हाईक आलं तर कामाला येईल, म्हणून चुलत्यानं त्याला इथं बसवलेला. आणि हुपरी रस्त्यावरच्या एका गावची आक्काताई चौगुले. तिच्या घरी पेरण्या चाललेल्या म्हणून प्रवेशाला उशीर झाला. तोवर मराठीचा वर्ग भरलेला. कारकून म्हणाला, फ्रेंच हाय, घेतीस काय? ती म्हणाली, जे हाय ते द्या.

फ्रेंचबरोबर फ्रेंच लोकांची राहणीही अभ्यासाला होती. तिथली न्याहारी, रविवारचं जेवण, चीजचे प्रकार. मीनाक्षीबाईंनी स्वतः काहीच पाहिलेलं नव्हतं. त्या तसं सांगून टाकायच्या आणि पुस्तकातलं चित्र वर्गभर फिरवायच्या. चीज म्हणजे मुद्दाम नासवून, मुरवून ठेवलेलं दूध, असं कळल्यावर म्हशीवाल्या घरातली आक्काताईनं पुस्तकच मिटून ठेवलं. मग म्हणाली, "बाई, हे आमच्या आज्जीला सांगू नका."

दोन वर्षं वर्गाचे लेखी निकाल चांगले लागले. मीनाक्षीबाईंना कुणी तसं विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, घरात मला काही कमी नाही. ते खरंच होतं. पण सकाळी त्या खोलीचं दार उघडून आत शिरलं की वाटायचं, वाडीच्या घरात ज्या ओसरीवर आपल्याला जागा नव्हती तशी एक ओसरी आपल्यालाही मिळाली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच.

म्हणूनच डिसेंबरात गणपतरावांनी बोलावून जे सांगितलं ते त्यांना फार लागलं.

"असं बघा बाई," गणपतराव म्हणाले, "संस्थेच्या मंडळींचं म्हणणं पडलंय, एवढ्याशा पोरांसाठी खोली अडतीया. तिथं टायपिंगचा वर्ग काढूया म्हणत्यात. मी म्हटलं, जरा दमानं घ्या. यंदापासनं तोंडी परीक्षा बी हाय, तिला पुण्यासनं बाई येणार हायत. त्या बऱ्यापैकी बोलल्या, तर मला तोंड हाय. न्हायतर मग जूनपासनं वर्ग बंद."

मीनाक्षीबाईंनी कंबर कसली. आपल्याला जे येत होतं तेच त्यांनी केलं. संथा वाढवली. परीक्षक काय काय विचारतील ते प्रश्न काढले, उत्तरं लिहिली, ती चालीत बसवली आणि म्हणून घेतली. माझं गाव. माझं कुटुंब. माझा दिवस. पोरं झोपेत उठवली असती तरी घडाघडा म्हणाली असती.

पुण्याच्या बाई फेब्रुवारीत आल्या. नंदिनी रिसबूड. तिशीच्या आतबाहेर, साधी हातमागाची साडी, खांद्याला शबनम. दोन वर्षं फ्रान्सात राहून आलेल्या. स्वभाव मात्र नीट. आल्याआल्या मुलांना घाबरू नका म्हणाल्या, खुर्ची खिडकीपासून सरकवून सावलीत घेतली. मीनाक्षीबाई नियमाप्रमाणे शेजारी बसल्या, बोलायचं नाही या अटीवर.

पहिला डॉक्टर मिरजकरांचा मुलगा. रिसबूडबाईंनी विचारलं, कुठं राहतोस? त्यानं डोळे मिटले आणि 'माझं गाव' सुरू केलं. रंकाळा आला, अंबाबाई आली, कुस्तीचं मैदान आलं. मान डोलते आहे, आवाज चढतो आहे, उतरतो आहे. रिसबूडबाईंनी मध्येच हसून विचारलं, अरे वा, मग तू कुस्ती खेळतोस का? मुलगा थांबला. डोळे उघडले. मीनाक्षीबाईंकडे बघितलं. आणि मग, संथेत चुकलं की करतात तसं, त्यानं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

दुसरी मुलगी तशीच. तिसरा तसाच. रिसबूडबाईंनी भावंडं विचारली की अख्खं कुटुंब येई, मोडलं की पुन्हा पहिल्यापासून. एकीला त्यांनी नुसतं विचारलं, आज थंडी आहे ना? तर तिनं चारही ऋतू म्हणून दाखवले. मुलं एक अक्षर चुकत नव्हती, तरी सगळं चुकत होतं, आणि ते मीनाक्षीबाईंना आता इतकं लख्ख दिसत होतं की आधी कसं दिसलं नाही, याचंच नवल वाटत होतं.

जेवणाची सुट्टी झाली. निम्मा वर्ग अजून राहिला होता. रिसबूडबाई उठताना हळूच म्हणाल्या, "बाई, उच्चार फार स्वच्छ आहेत. पुण्यातही इतके ऐकायला मिळत नाहीत. पण ही मुलं बोलत नाहीत हो. म्हणतायत."

"खरं आहे," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

"मला तसं लिहावं लागेल."

"लिहा. खरं आहे ते लिहायलाच हवं."

रिसबूडबाई गणपतरावांच्या खोलीत जेवायला गेल्या. मीनाक्षीबाई व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसल्या. राहिलेली मुलं तिथंच डबे सोडून बसली होती. सकाळच्यांनी बाहेर येऊन काय ते सांगितलं असणार, कारण कुणी काही विचारत नव्हतं.

"बाई, तुमी डबा काढला न्हाईसा," आक्काताई म्हणाली.

"भूक नाही गं."

"भूक नसायला काय झालं? अर्धी भाकरी घ्या."

"नको. सकाळी खाणं झालंय."

"सकाळचं कवाच जिरलं आसंल. खरडा हाय बघा, आईनं आजच केलाय."

"मला तिखट सोसत नाही."

"मग दही घ्या त्याच्यावर. दह्यानं काय व्हतंय? आमच्या म्हशीचं हाय, बघा तरी."

"अगं, तुला पुरायचं नाही."

कृष्णातनं आपला डबा पुढं सारला. "तिला मी देतो की. बाई, तुमी घेतल्याबिगर हिचं जेवाण हुयाचं न्हाय आणि मग आमचं बी न्हाय. बघा, कुणाकुणाला उपाशी ठेवताय ते."

बाईंनी हात पुढं केला. भाकरीवर दही घालून घेतलं, एक घास मोडला, आणि घास हातातच राहिला.

हे यांना कुणी शिकवलं? आपण एक नकार द्यावा आणि त्या नकाराला अगदी बेतून शिवल्यासारखं पुढचं वाक्य हजर. पाठ केलेलं नाही. मी तिखटाचं म्हणाले म्हणून दही आलं, पुरणार नाही म्हणाले म्हणून कृष्णात आला. बोलणं म्हणतात ते दुसरं काय असतं?

"आक्काताई," त्या म्हणाल्या, "आता हेच सगळं फ्रेंचमधून कर. मी नको नको म्हणते, तू वाढ."

"आँ?" आक्काताईनं बोटं चाटायची थांबवली. "चाल कुठली लावायची?"

"चाल लावायची नाही. आत्ता लावलीस का?"

पोरगी बावचळली. बाईंनी फ्रेंचमध्ये म्हटलं, नको, मला भूक नाही. आक्काताईनं छताकडे बघितलं. ओठ हलले. तिथं ती मनातल्या मनात 'माझा दिवस' पहिल्यापासून म्हणत गेली आणि खाण्याच्या ओळीपाशी पोचल्यावर तेवढा शब्द उचलून आणला. "मांझे, मादाम." खा, बाई. मग आणखी कुठल्या तरी पाठातून दुसरा शब्द. "आंकोर." आणखी. कृष्णातनं तिसरा पुरवला. शब्द सगळे होते. धान्याची कणगी भरलेली होती, फक्त खालचं तोंड कुणी उघडलं नव्हतं. सुट्टी संपेपर्यंत व्हरांड्यात नुसता गलका चालला होता. एकमेकांच्या डब्यात भाकरी टाकत पोरं फ्रेंचमधून हुज्जत घालत होती. अडलं तिथं मराठी घुसत होतं. बाई कुणालाच थांबवत नव्हत्या.

सुट्टीनंतर कृष्णात पहिला गेला. निम्मं चालीत, निम्मं बोलून त्यानं निभावलं. पैंजणाला घुंगरू कसं लावतात ते सांगताना चाल आपोआप गळून गेली, कारण ते कुठल्या पाठात नव्हतं. रिसबूडबाईंनी मीनाक्षीबाईंकडे एकदा नजर टाकली.

मग आक्काताई. रिसबूडबाई म्हणाल्या, असं समज, तू फ्रान्समधली एक गृहिणी आहेस. रविवार आहे. मी तुझ्याकडे जेवायला आले आहे.

आक्काताईनं पदर सारखा केल्यासारखी ओढणी सारखी केली. या बसा म्हणाली, पाणी दिलं, प्रवास कसा झाला विचारलं. सूप वाढलं, मासे वाढले. रिसबूडबाई खुशीत येऊन एकेक उत्तर देत गेल्या. मग पुस्तकात असतं तसं, काल्पनिक ताटावरून हात फिरवून म्हणाल्या, "नों, मेर्सी." नको, आभारी आहे.

आक्काताईनं ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. आणखी थोडं घ्या.

नको, पोट भरलं माझं.

एवढ्याशानं कसं भरेल? तुम्ही काहीच खाल्लं नाही. चांगलं झालं नाही का?

फार चांगलं झालंय, पण खरंच नको.

माझ्या आईनं केलंय. तिला वाईट वाटेल.

रिसबूडबाईंनी खुर्ची जरा मागं घेतली. मला डॉक्टरांनी सांगितलंय, कमी जेवा म्हणून.

डॉक्टर इथं नाहीत, आक्काताई म्हणाली. तिचा आवाज आता शेतातून बांधावर हाक मारावी तसा झाला होता. सायकल स्टँडवर बाळासो उठून उभा राहिला.

माझी गाडी चुकेल, रिसबूडबाई म्हणाल्या.

गाडी उशिरा येते. रोज उशिरा येते. आणि घाई असेल तर मी बांधून देते. मुलं आहेत ना तुम्हाला? मुलांना न्या.

मुलं नाहीत अजून.

मग नवऱ्याला न्या.

रिसबूडबाईंना पुढचा नकार काही केल्या सुचेना. दोन वर्षं फ्रान्सात काढलेल्या बाई त्या हुपरी रस्त्यावरच्या पोरीपुढं हात जोडून हसू लागल्या आणि म्हणाल्या, बरं बाई, वाढ. आक्काताईनं वाढलं. मोकळ्या टेबलावर दोनदा वाढलं. मीनाक्षीबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

सगळ्यांचं आटोपल्यावर रिसबूडबाई पेन्सिल टेकवून जरा बसल्या. "सकाळी वेगळा वर्ग होता का?" त्यांनी विचारलं.

"वर्ग तोच," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "सकाळी मी चुकलेली होते." मग धीर करून म्हणाल्या, "गुण अजून भरले नसतील तर सकाळच्यांना एकेक प्रश्न पुन्हा विचाराल? नुसतं, काय जेवलात, एवढं विचारा. त्यांचं नुकसान माझ्यामुळं व्हायला नको."

रिसबूडबाईंनी घड्याळ पाहिलं. "पाचची एस.टी. जाईल माझी." आणि मग, "बोलवा."

डॉक्टरांच्या मुलाला व्हरांड्यातला प्रकार तोवर कळलेला होताच. काय जेवलास म्हटल्यावर त्यानं डोळे मिटायला घेतले, मग उघडले, आणि अडखळत म्हणाला, पोहे, पण ते गार होते. साधंसुधंच, पण त्याचं स्वतःचं. रिसबूडबाई म्हणाल्या, छान. पाचची गाडी गेली.

गणपतरावांच्या खोलीत चहा आला. "मग?" त्यांनी सरळच विचारलं. "वर्ग ठेवायचा का न्हाय?"

"ठेवा," रिसबूडबाई म्हणाल्या. "मी लेखी देते तसं. उच्चारांसाठी बाईंची ती संथा राहू दे. पण आठवड्यातून एक जादा तास द्या यांना, नुसता गप्पांसाठी."

"गप्पांसाठी तास?" गणपतरावांना ते नवीन होतं. कप बशीत ठेवून ते विचारात पडले. "त्याला रजिस्टरात काय लिहायचं?"

"संभाषण लिहा," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

"हां. मग जमतंय. टायपिंगचं बघू, वरच्या मजल्यावर कुठंतरी."

रिसबूडबाई निघताना व्हरांड्यात पोरं घोळका करून उभी होती. आक्काताई पुढं. "बाई, मला किती?" तिनं थेट विचारलं.

"गुण सांगायचे नसतात," रिसबूडबाई हसल्या. "बोलण्यात तुझं काही गेलं नाही, इतकं सांगते. राहणीच्या भागात थोडे कापलेत. फ्रेंच बाई एकदा विचारते, फार तर दोनदा. पाहुणा नको म्हणाला की ताट उचलते. पुस्तकात आहे ते."

आक्काताईला हे अजिबात पटलं नाही. रिसबूडबाईंची रिक्षा गेटाबाहेर पडताच ती मीनाक्षीबाईंकडे वळली.

"म्हंजे बाई, पावण्याला उपाशी ठेवलं असतं तर पैकीच्या पैकी?"

"परीक्षेत, हो."

"आणि उद्या खरंच कोण फ्रेंच माणूस आमच्या दारात आला तर?"

"तर तुझं तू बघ," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "मी काही मध्ये पडणार नाही."

हुपरीची गाडी पकडायला पोरं पळाली. मीनाक्षीबाई खोलीत परत आल्या. बाकं सारखी केली, फळा पुसला, खिडक्या लावल्या. दाराला कुलूप घातलं आणि किल्ली ऑफिसात द्यायला म्हणून निघाल्या. ऑफिसातला शिपाई सायकल काढून जायच्या बेतात होता. "किल्ली ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच," तो म्हणाला. "साहेबांनी सांगितलंय. जूनला तुमीच उघडणार न्हवं?"

बाईंनी ती पर्समध्ये टाकली आणि भाजी घेऊन जायचं म्हणून राजारामपुरीच्या रस्त्याला लागल्या.